आकसण धरून

राजारामपुरीतल्या सीएनं विचारलं,
एकतीस जानेवारी अठराचा भाव काय होता?
म्हटलं, वडिलांच्या वहीत असेल.
वही नको, म्हणाला, छापील काढून आणा,
आणि त्या दिवसाचा बंद भाव नको, सर्वांत वरचा.

वहीत बंदच आहे फक्त: ३७६.४०,
पुढे शाईनं: ग्रहण. चंद्र भट्टीतल्या बिडागत.
वरचा भाव आबांनी कधी लिहिलाच नाही.
वरच्या भावाला कोण इकतंय, म्हणायचे.

बापूसो सुतार, पॅटर्नमेकर, उद्यमनगर.
एकतीस वर्षं फाउंड्रीसाठी सागवानाचे साचे केले
आणि सतरा वर्षं एकाच बँकेच्या शेअरचा भाव लिहिला,
पेपर आल्यावर, चहाच्या आधी.
दुसरा शेअर कधी घेतला नाही.

स्क्रीनवरचा तक्ता आणि वही शेजारी ठेवून
मी ओळीला ओळ लावते.
जुळत नाही.
खरेदीच्या दिवशी वही म्हणते १२४०,
स्क्रीन म्हणते २४८.
अर्धा दिवस मी वडिलांवर संशय घेतला.

मग चौदाच्या सप्टेंबरात सापडलं.
काल १६१५, आज ३२३,
आणि लाल पेन्सिलीनं: पडला?
दुसऱ्या दिवशी त्याच्याखाली: न्हाई. वाटला.
दहा रुपयांच्या एका शेअरचे दोन-दोनचे पाच.
स्क्रीननं मागचं सगळंच पाचानं भागून ठेवलंय,
जणू तो पहिल्यापासून लहानच होता.

आबांना सांगितलं तर म्हणाले, त्यात काय!
माझ्या पेटीत दोन पट्ट्या हाईत.
एक बाजारची. एक आकसणाची,
तिचा फूट फुटापेक्षा जरा मोठा.
बीड थंड होताना आकसतं,
मग साचा मोठाच करावा लागतोय.
दोन्ही पट्ट्या खऱ्या.
हातात कुठली हाय तेवढं इसरायचं न्हाई.

स्क्रीनवर आणखी एक रकाना आहे,
लाभांश वजा केलेला.
त्यात २४८चेही २०३ होतात.
म्हणजे अकराच्या लाभांशातला पाच लिटरचा कुकर,
जो अजून शिट्ट्या देतो आमच्या ओट्यावर,
तो वजा.

एकोणीसच्या ऑगस्टात माझा श्वास अडकला.
चारशेच्या खाली एकदम
५१. ५३. ५५.
मग समासात दिसलं: राजाराम बंधारा, फूट.
शिरोलीपाशी रस्ता बुडालेला, पेपर नाही,
तर रेडिओवर ऐकून
जे वाढत होतं ते त्यांनी त्याच रकान्यात मांडलं.
मुंबईत त्या दिवसांतही बाजार भरत होता.
भाव आहेत स्क्रीनवर.
मी ते वहीत उतरवले नाहीत.

वीसच्या मार्चात अक्षर बारीक होत जातं.
५०२, ४३१, ३६०, २८४.
पेपर बंद झाला तिथून पुढे टीव्हीवरून,
पण एक दिवस सुटलेला नाही.
विकायचे नव्हते तर लिहीत कशाला होता, मी विचारलं.
मागं किती खाली गेलतं ते ठावं असावं, म्हणाले.
म्होरं किती जाईल ते न्हाई कळत त्यातनं.
पाय कुठं टेकलं हुतं, तेवढं कळतं.

काल ऐंशी शेअर विकले, ६४१ला,
त्यांच्या दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूसाठी.
वही आता मीच लिहिते.
पहिल्यांदाच एक ओळ माझ्या अक्षरात,
आबांच्या ओळींपेक्षा तिरकी.

म्हटलं, आबा, अडीच पटीच्या वर झालं की!
ते दारात उन्हाला बसून
बोटांनी चौकटीचा सांधा चाचपत होते.
कुठल्या पट्टीनं? म्हणाले.