वेगळी घडी

पिंपळनेरच्या मिशन दवाखान्यात
माझी आई, सुवार्ता, एकोणतीस वर्षं चादरी धुवायची.
मागच्या अंगणात सिमेंटच्या तीन टाक्या:
पहिलीत रक्त सुटायचं,
दुसरीत वास,
तिसरीत नीळ.

चादरींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं नंबर.
तिला वाचता फारसं यायचं नाही,
पण नंबरावरून सांगायची
आठवर कोण कण्हलं, एकवीसवर कोण जन्मलं.

चादरींची घडी चौकोनी, एकावर एक.
तोंड पुसायची फडकी मात्र निराळी,
गुंडाळून, बाजूला.
नव्यानं लागलेल्या बायका हसायच्या.
ती म्हणायची, कबरेत तोंडावरचं फडकं
असंच तर सापडलं होतं, वेगळं, नीट ठेवलेलं.
पळून जाणारा घड्या घालत बसतो का?
तो सावकाश उठला,
अंथरूण आवरलं,
मग गेला.

एवढंच तिचं धर्मज्ञान.
पास्टर नथानिएल तासभर बोलायचे,
त्यात हे कधी आलं नाही.

बलिदान हा शब्द तिच्या तोंडी मी ऐकलेला नाही.
तो आमच्याकडे निवडणुकीच्या जीपमधून यायचा
आणि धूळ उडवत जायचा.
तिचा शब्द होता, ऱ्हाऊ दे.
ऱ्हाऊ दे, माले भूक नही.
ऱ्हाऊ दे, तुनं लेकरू धाकलं शे, रातपाळी मी करसु.
लोकांनी तिला वापरलं, हेही खरं.
दोन बायकांनी तर तिच्या रातपाळ्यांवर
घराला स्लॅब टाकला.
मला त्या ऱ्हाऊ देचा संताप यायचा,
आणि तिच्या वाटची दादरची भाकरी
मीच खायचो.

माझा भाऊ शांतवन चौदा नंबरवर गेला. कावीळ.
ईस्टरबिस्टर काही नव्हता,
भाद्रपदातला कुठलासा मंगळवार.
सगळ्या म्हणाल्या, सुवार्ताबाई, ती चादर आम्ही धुतो.
ती त्या दिवशी पहिल्यांदा
ऱ्हाऊ दे म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही.
हातातून घेतली.

ऊन चोरटं होतं. दोन दिवस ती दोरीवर
नुसती जड लोंबत राहिली.
तिसऱ्या दिवशी वाळली.
मी म्हटलं, ही आपण घरी नेऊ.
ती म्हणाली, दवाखानानी शे.

वरच्या पाड्यावरची एक पोर आली होती, पहिलटकरीण,
ओठ चावून भिंतीकडे बघणारी.
आईनं तिच्याखाली चौदा नंबर अंथरली,
चारही कोपरे ओढून, सुरकुती न ठेवता.
मी दारात उभा होतो.
मला वाटलं, माझ्या भावाला
दुसऱ्यांदा उचलून नेतायत.

रात्री चादर परत पहिल्या टाकीत.
रक्तच, पण त्याचा रंग
मला वेगळा वाटला.
आई रडली असेल.
नळ पूर्ण सोडलेला होता, सांगता येत नाही.

पुनरुत्थानाच्या रविवारी आम्ही अंधारातच निघायचो
पांझरेकाठच्या कबरस्थानाकडे.
त्याच वेळी मोहाची फुलं वेचायला
पाड्यावरच्या बाया टोपल्या घेऊन निघालेल्या.
वाटेवर दोन्ही रांगा एकमेकींना ओलांडायच्या.
कंदिलाच्या उजेडात नुसते पाय दिसायचे,
कोण कुठल्या झाडाखाली चाललंय
आणि कोण कुठल्या दगडापाशी,
पायांवरून कळत नसे.
शांतवनच्या क्रुसावरची धूळ
आई पदरानं पुसायची, दोनदा,
आणि तिथूनच ड्युटीवर जायची.
चादरींना रविवार नसतो.

आता मी ठिबकच्या नळ्या विकत फिरतो,
चोपडा, रावेर, शहादा.
चर्च सुटलं. प्रार्थना म्हणायला गेलो
तर मधल्या ओळी गळतात.
लॉजवरून निघताना
टॉवेल मात्र गुंडाळून वेगळा ठेवतो,
चादरीचे चारही कोपरे ओढतो.
शहाद्याच्या लॉजवरचा पोऱ्या वैतागतो.
म्हणतो, साहेब, असं नका करत जाऊ,
कळतच नाही
रात्री इथं कोणी झोपलं होतं की नाही.