नारिंगी दोरा

फान टोंडरनं तो वर चढवला मंगळवारी,
बायकोला पुरून आल्याच्या बाराव्या दिवशी.
कुणी म्हणालं, दुःखानं डोकं फिरलंय.
कुणी म्हणालं, दुःख कसलं,
आता अडवणारी उरली नाही घरात.

नारिंगी, पांढरा, निळा.
पोटात तीन पिटुकले झेंडे,
शेजारी शेजारी, एकमेकांशी न बोलता.

कारूतला वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
त्यानं तो सगळ्यांना दाखवला,
पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर,
पेन्शनच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना,
ज्यांनी वर बघितलं
आणि पुन्हा आपापल्या बुटांकडे.

शाळेतली पोरं फाटकाशी थांबली.
"हा कुठल्या देशाचा?" लिझोनं विचारलं.
एकाला वाटलं, हॉलंड.
मिस याफ्तांनी तोंड उघडलं, मिटलं,
म्हणाल्या, "चला, घंटा झाली."
घंटा झाली नव्हती.

अब्दिरशीदनं शटर अर्धं खाली ओढलं.
त्याचा हिशेब त्यानं मोगादिशूहून आणलाय :
लोक झेंड्यावर बोलायला लागले
की आधी मुलं मागच्या खोलीत, मग साखरेची पोती.

पाद्रीबुवा रविवारी क्षमेवर बोलणार होते.
बोलले पाणीटंचाईवर.

सोमवारी फाटकावर अंडी.
बुधवारी केप टाउनच्या नंबरची गाडी,
दोन तरुण उतरले, त्याचा हात हातात घेऊन
फोटो काढून गेले.
अंड्यांपेक्षा त्या हातांना तो जास्त भ्यायला,
असं त्याची मोलकरीण सांगते.

कॉन्स्टेबल नोम्फुंडो कागद घेऊन आली.
"कोर्टानं सांगितलंय आजोबा, हा असा मिरवायचा नाही."
"मिरवतोय कुठे? वाळत घातलाय."
तिला हसू आलं
आणि हसू आल्याचा राग
दिवसभर तिच्या चालण्यात दिसत होता.

शेवटी कोर्टाचं काम वाऱ्यानंच केलं.
मधोमध टरकवला.

गावात शिलाई मशीन एकच, माझं.
मी डोर्थिया आरेंडसे, वय एकाहत्तर.
काउंटरवर त्यानं पिशवी उलटी केली
आणि माझ्या सोळाव्या वर्षाचा वास आला,
मशीनचं तेल, नवं कापड, गरम इस्त्री.

पार्लच्या कारखान्यात आठवड्याला चाळीस शिवायचो.
पोटातले तीन झेंडे माझ्याकडे,
माझी बोटं बारीक म्हणून.
आमची गल्ली पाडली त्या दिवशी
बुलडोझरवर तो फडकत होता, असं उगाच सांगणार नाही.
तो होता कचेरीवर,
जिथं आई शिक्क्यासाठी दुपारभर उभी राहिली
बाजूच्या दारापाशी.
मी वर बघत होते, काठ सरळ आलाय का.

कोपऱ्यात, दोरीच्या कडीजवळ,
उलटी टीप दोनदा.
ही माझीच खोड.
हात खोटं बोलत नाही.

मी बोलते.

आता गाव माझ्या दारात.
"जाळ तो," सून म्हणते.
मिस याफ्ता म्हणतात, म्युझियमला द्या.
अब्दिरशीद म्हणतो, मावशी, पैसे आधी घे.
घेतले नाहीत.

रोज चारला फान टोंडर येतो,
टोपी एका हातात, पावती दुसऱ्या.
"नारिंगी दोरा संपलाय," मी म्हणते,
"अपिंग्टनहून यायचाय."
खणात चार रिळं आहेत,
गाणाऱ्या पोरींच्या झग्यांतून उरलेली.
तो खणाकडे बघतो. मी त्याच्याकडे.

काल जाता जाता म्हणाला,
"तिला आवडायचा नाही तो."
"कुणाला?" मी विचारलं,
ठाऊक असून.

रात्री रिकाम्या खांबावर कडी आपटत राहते,
टण्, टण्,
आणि सकाळी पावाच्या रांगेत
जो तो सांगतो, छान झोप लागली.