तळघराचा अहवाल

चुनाभट्टीत आता भट्टी नाही.
नाव तेवढं उरलंय रिक्षावाल्यांच्या तोंडी,
आणि सागरतारा सोसायटीच्या तळघरात,
पंपाच्या खोलीत, स्लॅबच्या भेगेतून लोंबणारं काहीतरी,
ज्याला सेक्रेटरी खारकर
"ते पांढरं घाणेरडं" म्हणतात.

मी हातोडी घेऊन आलेय.
स्लॅब वाजवून बघणं हा माझा धंदा:
टण् म्हणजे शाबूत, बद् म्हणजे पोकळ.
टॉर्च वर धरला
आणि हातोडी खालीच राहिली.

बारा नळ्या. पेनातल्या रिफिलहून जराशा जाड,
सर्वांत लांब माझ्या वितीला पुरून उरणारी.
प्रत्येकीच्या टोकाशी एक थेंब,
पडू की नको अशा विचारात.

ही चुनखडीची रीत.
लांब कुठेतरी डोंगरावर पाऊस मातीत मुरतो,
मुळांचा, कुजक्या पानांचा श्वास पोटात घेतो,
त्यानं किंचित आंबतो, ताकाइतकाही नाही,
आणि खडकाला फट दिसली की
तिथंच बसून चाटत राहतो.
कितीएक पिढ्यांनी त्या फटीत बोट जातं,
मग कधीतरी माणूस.
एखादी नदी चालता चालता जमिनीत शिरते
आणि चार कोसांवर दुसऱ्याच नावानं वर येते.
आत, काळोखात, छताला टेकलेला थेंब
घेतलेला श्वास सोडतो,
आणि श्वास गेला की चुना पेलवत नाही त्याला.
ठेवून देतो तिथंच. एक कडं, केसाहून बारीक.
त्याच्याखाली पुढचा थेंब.

मुंबईला यातलं काही ठाऊक नाही.
मुंबई काळ्या दगडाची, थिजलेल्या लाव्ह्याची.
इथली लेणी पाण्यानं नाही, छिन्नीनं कोरली,
कुणाच्या तरी हाताला घट्टे पडून.
चुना आला तो किनाऱ्यावरून: शिंपल्या, तिसऱ्यांची टरफलं,
भाजली की त्यांचा श्वास धुरातून निघून जायचा.
मग गोणीतून सिमेंट आलं.
तेही कुठल्यातरी भाजलेल्या डोंगराचंच.

म्हणजे हा स्लॅब.
वरच्या बागेतल्या कुंड्यांचं पाणी याच्यातून झिरपतं,
चुना घेऊन खाली उतरतं, आणि इथल्या हवेतून,
गाड्यांच्या धुरातून, माझ्या उच्छ्वासातून,
भट्टीत गेलेला तो श्वास परत उचलतं.
गुहेतला थेंब देऊन दगड होतो.
हा घेऊन.

"आमच्याकडे घराएवढे असतात हे,"
मागून लोकबहादूर म्हणाला. रात्रपाळीचा वॉचमन.
पोखऱ्याचा. तिथं नदी रस्त्याखाली नाहीशी होते,
नुसता आवाज येतो, म्हणाला,
लहानपणी आम्ही कान लावायचो.
इथंही तो रात्री कान लावतो:
पंप बंद झाला की दोन थेंबांमध्ये
त्याची अख्खी विडी ओढून होते.

मग कपाटामागून त्यानं स्टीलचं झाकण काढलं.
नळीखाली ठेवलेलं, तीन वर्षं.
त्यात साबुदाण्यासारखे सात दाणे,
थेंबाच्या माराने गोल झालेले, गुळगुळीत.
"साहेबांना सांगू नका."

सांगायचं काय?
भेगेतून गंजाचा ओघळ आलाय.
आत सळ्या फुगल्यात, दोन ठिकाणी बद् वाजलं.
छताचा चुना जातोय
म्हणजे छतच जातंय, सावकाश, नळीनळीनं.
मला लिहावंच लागणार:
खरवडा. भेगा भरा. पंधरा दिवसांत.

खारकर जिन्यावरूनच ओरडले,
"बिल्डरनं चुना लावला हो मॅडम!"
"अजून लावतोय," मी म्हटलं.
त्यांना विनोद वाटला.

अहवालाच्या चौथ्या पानावर, कुणी न मागता,
मी एका नळीची लांबी लिहिली:
दोनशे चौदा मिलिमीटर.
खाली तारीख. आणि मग
टेप गुंडाळायच्या आधी पुन्हा एकदा मोजली.