रंग धरणं

वडगावच्या कोपऱ्यावर इम्तियाजकडं
कोंबड्याच्या मानेची पिसं मागितली, तर हसला.
"लोक मांस नेतात, तुमी कचरा नेताय."
पिशवीभर दिली. पैसे घेतले नाहीत.
त्यात गावठी कोंबड्याची बारा-पंधराच,
लांब, टोकाला निमुळती.
बाकी ब्रॉयलरची, कापसासारखी, निकामी.

कस्तुरीनं आधीच बजावलं होतं:
दुधाचं पातेलं नाही, चहाचं तर नाहीच.
शेवटी मूठ तुटलेला, शिट्टी हरवलेला कुकर मिळाला.

पिसं रात्रभर रिठ्याच्या पाण्यात ठेवली.
पिसाला तेल असतं,
पाण्याशी भांडायला पाखरानं चोचीनं लावून घेतलेलं,
आणि ते आहे तोवर रंग बाहेरच उभा राहतो.
सकाळी पिसं तळाला गेली होती.
बुडाली म्हणजे झाली.

मला पाहिजे होती ती माशी
जी खानापूरच्या पुढं, मलप्रभेच्या कातळाकडेला
साडेसहाच्या सुमाराला पाण्यातून उठते.
शेवाळी म्हणावी तर तपकिरी,
तपकिरी म्हणावी तर पंखातून पलीकडचं ऊन दिसतं.
हळद घातली, पुडीतल्या निळ्याची चिमूट,
व्हिनेगर दोन झाकणं.
निघाला पोपट.
लग्नाच्या मांडवातला, कागदी.

आबा बाहेर खाटेवर होते.
चाळीस वर्षं सुताच्या लड्या रंगवल्या त्यांनी,
हात कोपरापर्यंत कधी जांभळे, कधी मिरचीसारखे.
रेशनच्या ऑफिसात अंगठा लावायला गेले,
शाईच्या आधीच ठसा उमटला.
मग माग बंद पडले, हौद बुजवला,
त्यावर आता शेजाऱ्याची स्कूटर उभी असते.
डोळ्यांत मोतीबिंदू. पांढरा नि पिवळा
त्यांना आता एकच.

कुकर पुढं ठेवला. बघितलाच नाही त्यांनी.
बोट बुडवलं, हुंगलं.
"उकळवलास की रे."
"थोडंच."
"सुताला चालतंय. हे अंगावरचं हाय.
वाफ येऊ दे, बुडबुडा नको."
जरा वेळानं, भिंतीकडं तोंड करून:
"कांद्याची सालं टाक मूठभर.
आणि ओल्यावर भरवसा ठेवू नको.
वाळवून मग मला सांग."

सांगितलं. सांगायला अर्धा तास लागला.
शेवाळी नाही, तपकिरी नाही, आबा,
ते पितळी तांब्याच्या आतल्या बाजूला असतं ना, तसं.
"चिंच लावायच्या आधी का नंतर?"
आधी.
"मग बरोबर हाय."

गळ चौदा नंबरचा, करंगळीच्या नखाएवढा.
बसलिंग त्याला गाळ म्हणतो, कन्नडात तेच नाव.
तीस वर्षं उद्यमबागेत एका भट्टीपुढं घाम गाळला दोघांनी,
तरी अजून तो "गाळ दे" म्हणाला
की मी आधी पाण्याच्या तळाकडं बघतो.

पाच संध्याकाळी काही नाही.
मासे वर यायचे, माझ्या माशीला वास घेतल्यासारखे वळायचे,
शेजारची खरी खाऊन जायचे.
बसलिंग भाकरी आणि शेंगाचटणी सोडून बसायचा,
नदीला कन्नडात काहीतरी सांगायचा.
सहाव्या दिवशी दोर ताणला.
वीतभर खडस. ओठात माझं पीस,
ओलं, मिशीसारखं चिकटलेलं.
सोडून दिली. बसलिंग दोन दिवस बोलला नाही.

घरी पोचायला रात्र झाली. आबा जागे.
केवढी होती, विचारलं नाही.
कुठं हाय, तेही नाही.
"पाण्यात उतरला काय?"

रुमालात दाबून बघितलं होतं मी, तिथंच, अंधार पडता पडता.
रुमाल कोरा.
"नाही उतरला."

टोपीत खोवलेली माशी काढून त्यांच्या तळव्यावर ठेवली.
बोटं मिटायला लागली.
"आबा, टोक आहे त्याला."
"ठाऊक हाय," म्हणाले,
आणि तशीच धरून बसले.