मानपत्राचा कच्चा खर्डा

रविवारी सत्कार आहे,
शिवडीच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
आणि मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं,
कारण म्हणे माझं अक्षर बरं आहे.

मी लिहिलं, 'अथक परिश्रम'.
मी लिहिलं, 'ज्ञानदानाचे पवित्र व्रत'.
आणि तपासायला नेलं वायंगणकर बाईंकडे,
म्हणजे ज्यांचा सत्कार, त्यांच्याचकडे.

बाईंनी पदराने चष्मा पुसला, लाल पेन शोधलं.
'अथक'वर काट.
"थकलो होतो गं.
संपाच्या एकोणिसाव्या दिवशी खैरुन मुकादम
फुटपाथवर बसल्या बसल्या झोपली,
मांडीवर सातवीचे भूगोलाचे पेपर.
एका पोराच्या गोदावरीवर तिच्या पेनातली शाई सांडली.
त्याला पूर्ण गुण दिले आम्ही.
ते लिही."

'पवित्र'वर काट.
"हेच ऐकवायचे तेव्हा सगळे.
तुम्ही गुरू, तुम्ही माउल्या,
माउल्यांना कसली आलीय वेतनश्रेणी?
आणि घरी गेलं की
माउलीने भात लावलेला नसायचा."

मग कपाटावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उतरवला.
त्यात निळी, पुसट, घडीवर फाटलेली कार्बन प्रत:
विषय – महिला शिक्षकांच्या संडासाच्या दारास
आतून कडी बसवून मिळणेबाबत.
खाली सात सह्या.

"अकरा महिने लागले त्या कडीला.
तोवर मधल्या सुट्टीत जोडीने जायचो,
एक आत, एक बाहेर दार धरून.
दार धरून उभं राहायचं म्हणजे बोलायचंच काहीतरी.
कुणाचा पगार अडकलाय, कुणाला हेडमास्तर काय बोलले,
कुणाची नोकरी दर मे महिन्यात तुटते नि जूनमध्ये जोडतात.
तिथेच झाली आपली युनियन.
हे मानपत्रात बसेल का बघ."

मी म्हटलं, बसवते.

डिमेलो टीचरचं त्यांनी सांगितलं नाही,
मीच डब्यात वाचलं:
हंगामी शिक्षिका, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी वर्गावर हजर.
समासात बाईंचं बारीक अक्षर –
'दिवसभर फळ्याकडे तोंड. ब्लाउज ओला.'
मला माझी रजा आठवली.
सहा महिने. एका ओळीचा अर्ज, तिसऱ्या दिवशी मंजुरी.
मी तेव्हा कुणाचेच आभार मानले नव्हते.
मानायचे असतात, हेच माहीत नव्हतं.

"आणि निवृत्तीनंतरची समाजसेवा?" मी विचारलं.
बाई हसल्या.
"मंगळवारी, शुक्रवारी अँटॉप हिलला जाते.
धुणीभांडी करणाऱ्या बायका. त्यांना आकडे शिकवते,
बसच्या कपाळावरचे.
एक आणि नऊ फार छळतात,
शेपटी कुठे वळते ते कळेपर्यंत बस निघून जाते.
परवा सगुणाचा फोन आला, मागे कंडक्टरची टिकटिक:
'बाई, मी बसले. बरोबर बसले. कुणाला विचारलं नाही.'
त्याला सेवा नाही म्हणत.
निकाल म्हणतात."

शाल नको म्हणाल्या, घरात अकरा पडल्यात.
नारळ चालेल.
सातांपैकी दोघी गेल्या,
त्यांच्या सुनांना पुढच्या रांगेत खुर्च्या ठेव,
आणि सुनांना आधी कळव, ऐन वेळी नको.
मग खर्ड्याखाली सही केली, तारीख घातली:
दहापैकी सहा.
अक्षर मात्र बरं आहे.

शनिवारी बॅनर लावायला शाळेत गेले.
शिडी मिळेना. पहारेकरी चावी शोधत होता,
तेवढ्यात मी त्या कोपऱ्यातल्या दाराशी गेले.
कडी तीच असावी.
गंजलीय, जरा उचलून धरली तरच सरकते,
आणि खालचा स्क्रू कधीच पडलाय.

सोमवारी निवेदन द्यायला हवं.
कुणाकुणाच्या सह्या मिळतील,
आत उभी राहून मी मोजत होते.