दोराला धरून

जेटीचं काम निघालं तेव्हा जुनी चौकी पाडली.
माळ्यावर एक वही सापडली, कोपरे उंदरांनी खाल्लेली,
लाल फडक्यात बांधलेली, वासाला सुक्या बांगड्यासारखी.
मुकादम म्हणाला, तिकीटवाल्या बाई,
तुमच्या खात्याचं दिसतंय, ठेवा.

ठेवली. मोडी मला येत नाही.
भाटखोलच्या दिगंबर मास्तरांना येते.
ते भिंगातून वाचत गेले, मी उतरवून घेत गेले,
त्यांचा चहा निवत गेला.

शके अठराशे एक्कावन्न. तरीचा मक्ता खोतांकडे.
माणशी दोन पैसे. म्हशीला एक आणा.
नवरीच्या डोलीला वेगळा दर. भटजींना माफ.

मग मास्तर थांबले. चष्मा पुसला.
"राग्या धोंड्या म्हार," त्यांनी हळूच वाचलं,
"शेवटची खेप. बसला नाही. पाणी उपसलं. माफ."

राग्या म्हणजे राघोजी. माझ्या आज्याचा बाप.
त्याचा फोटो नाही, कुठल्या कागदावर अंगठा नाही.
हे एवढंच, की तो होडीत होता
आणि ती बुडू नये म्हणून वाकलेला होता.

त्या रात्री मी जेवले नाही, असं लिहायला हवं.
जेवले. भात आणि कुळथाची पिठी.
मग आईला फोन केला. ती म्हणाली,
"माफ कसलं गो? मजुरी द्यायची राहिली म्हण."

राघोजीचा मुलगा गोदीत लागला, सही शिकला,
छपन्न साली दीक्षा घेऊन गावी आला
आणि पहिल्या खेपेला जाऊन फळीवर बसला.
तांडेलानं वल्हं उचललंच नाही.
बाकीचे उतरले. भरती गेली.
होडी चिखलात रुतली, हा बसलेलाच.
रात्रीच्या भरतीला निघाली. एकट्याला घेऊन.

त्याच धक्क्यावर मी गळ्यात ओळखपत्र घालून उभी असते.
यंत्रातून चिठ्ठी निघते: प्रौढ एक, पंधरा रुपये.
तीवर नाव नसतं. मला ते आवडतं.

पण वहीचं पान उलटलं होतं.
"भिवा काथोडी. कालवांची पाटी होडीत.
स्वतः दोराला धरून पोहत. एक पैसा घेतला."

मास्तर म्हणाले, पाण्यात असून पैसा?
मी काही बोलले नाही.
मला बारकी आठवली, सकाळच्या लाँचची,
बाकडी रिकामी असली तरी
दोरखंडाच्या वेटोळ्याशी कुर्ल्यांची टोपली घेऊन उकिडवी बसणारी.
शिमग्याच्या गर्दीत मीच तिला म्हटलं होतं,
मागं जा, वास येतो.
मी. राघोजीची पणती.

तिची करिश्मा नर्सिंगला निघालीय.
दाखल्यासाठी पन्नास सालाआधीचा पुरावा मागतात.
कातकऱ्याकडे कसला पुरावा?
कोळशाच्या भट्टीवरचा उचलीचा आकडा,
दरवर्षी नव्यानं बांधलेलं खोपट.
आणि आता ही ओळ.
ज्यानं होडीत घेतलं नाही
त्याच्याच अक्षरात, जातीसकट, तिथीसकट,
तिचा पणजा इथलाच होता.

कचेरीतला बाबू म्हणाला, मोडी चालत नाही,
शिक्क्याचं लिप्यंतर आणा,
शिवाय हा भिवा तोच भिवा कशावरून?
करिश्मानं विचारलं, पोहून दाखवू?
तो हसला. ती हसली नाही.
गुरुवारी परत बोलावलंय.

आज बारकी आली. मी म्हटलं, पुढं बाकावर बस.
"लुगडं ओलं हाय," ती म्हणाली.
असू दे. लोखंडाचंच बाक आहे.
बसली, अगदी कडेला.
लाँच सुटली. खलाशानं दोर वर ओढून घेतला.
त्यातून पाणी निथळत होतं,
ती मान वळवून तिकडे बघत होती.
पलीकडचा धक्का आला तरी
टोपली तिनं मांडीवरून खाली ठेवली नव्हती.