टाच

इलाही वस्तादांचे गुडघे वाजतात.
भिलवडीच्या तालमीत माझ्या दंडाकडे बघून म्हणाले,
"एवढं सामान घेऊन कुठं निघालास?"

मग छातीवर माझा तळवा टेकवून घेतला.
"रेट."

मी रेटलं. मान फुगली,
माती सरकली, माझ्याच पायाखालची.
ते, पुरात घाटाची पायरी असते, तसे.

"जोर टाचेतनं निघतो, कमरेत वळतो.
हात नुसता उंबरा रं.
तू त्याला खांद्यातच कोंडून ठेवलायस."

आणि त्यांच्यात कुठंतरी खाली
काहीतरी किंचित हललं.

मी पाठीवर. वर तालमीचे वासे,
केसांत ताक-हळदीची माती.

आता सांगलीच्या पेठेत हमाली करतो.
परवा हळदीचं पोतं घेताना
खांदा पहिल्यांदाच गप्प बसला.
मुकादम म्हणाला, "हलकं भरलंय काय?"